बंदर रंगवताना चित्रकार कुठे उभा होता?

प्रश्न : मी फरीदाबादला एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करते. आमचे सुटे भाग कंटेनरमध्ये भरून पियालाच्या डेपोत जातात आणि तिथून रेल्वेने न्हावाशेव्याला. कागदांवर रोज बंदराचे नाव लिहिते, पण बंदर अजून पाहिलेले नाही. आईवडील नागपूरहून इकडे आले, त्यामुळे समुद्र आमच्या घरच्या गप्पांतही नव्हता. चित्रकारांनी आजवर बंदरे कशी रंगवली? आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची जुनी चित्रे आहेत का? दिल्लीच्या आसपास राहून त्यांतले काही बघता येईल का?
— एक वाचक, फरीदाबाद

उत्तर : बंदरांच्या नामांकित चित्रांपैकी कित्येक चित्रे ते बंदर कधीही न पाहिलेल्या माणसांनी काढलेली आहेत, हे आधीच सांगतो. म्हणून अशा चित्रासमोर उभ्या राहिलात की रंग, शिडे, मावळतीचे ऊन यांच्या आधी एक गोष्ट शोधा. चित्रकाराचे पाय कुठे होते? समुद्रातल्या जहाजावर, शेजारच्या टेकडीवर, धक्क्याच्या ओल्या दगडांवर, की हजारो मैल दूरच्या एखाद्या खोलीत? चित्र कुणाला हवे होते आणि कशासाठी, याचा बराचसा उलगडा तेवढ्यावरून होतो.

फार जुन्या चित्रांपैकी एक ग्रीसमधल्या सॅन्टोरिनी बेटावर, अक्रोतिरी येथे सापडले. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या गावातल्या एका घरात, साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, भिंतीच्या वरच्या पट्टीवर जहाजांचा ताफा एका बंदरगावातून दुसऱ्याकडे जाताना रंगवला आहे. गावातली माणसे तो सोहळा पाहायला जमली आहेत. इथे चित्रकार त्या माणसांतलाच आहे. रोमजवळच्या पोर्तुस बंदराचे इ.स. २०० च्या सुमाराचे एक उठावशिल्प तोर्लोनिया संग्रहात आहे. त्यात दीपगृह आहे, त्रिशूळ घेतलेला समुद्रदेव आहे, फुगलेली शिडे आहेत, आणि मधोमध एक भलामोठा डोळा आहे. दृष्ट लागू नये म्हणून तो कोरला असावा असे मानतात. या सगळ्या गर्दीत एक माणूस खांद्यावर मातीचा उंच रांजण घेऊन फळीवरून उतरतो आहे. मला त्या शिल्पातला हा हमाल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढच्या कित्येक शतकांच्या बंदरचित्रांत तो मागे मागे ढकलला जातो.

आता आपल्याकडे येऊ. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, उंच आयताकार शिडे, आत ओळीने ठेवलेले माठ, आणि नाळेवर म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर रंगवलेला डोळा. रोमच्या शिल्पातला डोळा आणि हा डोळा यांचा थेट संबंध मी लावणार नाही. पण अथांग पाण्यात शिरणाऱ्या माणसाला दोन्हीकडे एकच भीती वाटत होती, हे उघड आहे. हे चित्र पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतले आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तो बुद्धाचा भिक्षू झाला. पुढे त्याचा भाऊ चंदनाच्या लाकडासाठी समुद्रात गेला, वादळात सापडला आणि पूर्णाने त्याला वाचवले, अशी ती कथा. सोपारे हे तेव्हाचे खरेखुरे बंदर. तिथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला आहे, आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरून त्यातले करंडक बाहेर काढले. तरीही अजिंठ्याच्या भिंतीवर सोपाऱ्याचा धक्का मुख्य विषय झालेला नाही. चित्रकाराला बंदराचे काम नव्हते. त्याला संकट आणि सुटका दाखवायची होती, आणि दोन्ही भर समुद्रात घडतात. सातवाहनांच्या नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, बंदर नाही.

बोरिवली पश्चिमेच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांवर, मात्र मला थोडे थांबायचे आहे. मुंबईत राहणाऱ्यांनाही त्यांची माहिती फार कमी असते, आणि भारतातल्या सागरी लढाईची इतकी तपशीलवार दगडी चित्रे क्वचितच आढळतात. हे सहा उंच दगड शिलाहारांच्या काळातले आहेत. यांतल्या काही दगडांवर जमिनीवरची लढाई आहे, तर काहींवर जहाजे आहेत : टोकदार उंच नाळ, कडेने वल्ह्यांची रांग, वर दाटीने उभे धनुर्धारी. काही अभ्यासक या दगडांचा संबंध यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्या १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडतात, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. काहींना हे दगड त्याहून जुने वाटतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत झुंज आणि मरण, त्यावर अप्सरा वीराला उचलून नेताना, शेंड्याला शिवलिंगाची पूजा आणि कलश. इथे शिल्पकार उभा आहे तो मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या बाजूला. जहाज किती मोठे, बंदर कुणाचे, हे त्याला सांगायचे नाही. आपला माणूस पाण्यावर लढून गेला आणि वर पोचला, एवढे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून तो कोरतो आहे. गोव्यात कदंबांच्या काळातले असेच नौकायुद्धाचे वीरगळ आहेत.

पोर्तुगीज आले आणि चित्रकाराची जागा एकदम बदलली. जुआंव द कास्त्रो हा पुढे पोर्तुगीज भारताचा व्हाइसरॉय झालेला गृहस्थ १५३८-३९ मध्ये गोव्याहून दिवपर्यंत किनाऱ्याने गेला. त्याने वाटेतल्या खाड्या आणि बंदरांची चित्रे आपल्या वाटाड्या ग्रंथात घातली. ही चित्रे जहाजावरून पाहिलेली आहेत. कोणता डोंगर समोर आला की वळायचे, खडक कुठे, नांगर कुठे टाकायचा, हे त्यांत आहे. सुंदर दिसण्याची त्यांना गरज नव्हती, तरी ती सुंदर आहेत. १६३५ मध्ये आंतोनियु बोकारो याने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या किल्ल्यांचे आणि शहरांचे मोठे पुस्तक तयार केले. त्यातले नकाशे पेद्रु बारेतु द रेझेंद याचे. चौल, वसई अशी आपल्या ओळखीची गावे त्यात वरून पाहिल्यासारखी दिसतात : तट, बुरूज, चर्च, समोर पाणी. हा मालकाने केलेल्या मोजणीचा कागद आहे. या सगळ्यांत यान हॉयखन व्हान लिन्स्खोटेन वेगळा. हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस होता. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्यातल्या गोव्याच्या बाजारपेठेच्या मोठ्या चित्रात छत्र्या धरलेले नोकर आहेत, पालख्या आहेत, लिलाव चालला आहे, विकायला उभी केलेली माणसेही आहेत. बंदरातून उतरलेला माल आणि उतरवलेली माणसे पुढे कुठे जात, हे धक्क्याच्या चित्रापेक्षा या रस्त्याच्या चित्रात अधिक कळते.

याच गोव्याहून मलाक्का आणि मकावमार्गे जहाजे जपानला जात. नागासाकीत ती आली की गाव लोटत असे, आणि जपानी चित्रकारांनी तो देखावा सोनेरी वर्खाच्या घडीच्या पडद्यांवर रंगवला. कानो नाइझेन याने सन १६०० च्या सुमारास केलेली पडद्यांची जोडी कोबे शहराच्या संग्रहालयात आहे. उजव्या पडद्यावर जहाज जपानच्या किनाऱ्याला लागते. डाव्या पडद्यावर तेच जहाज दूर परदेशच्या बंदरातून निघते. ते बंदर गोवा किंवा मकाव असावे. नाइझेनने ते पाहिलेले नव्हते, म्हणून त्याने तिथे चिनी धाटणीच्या इमारती उभ्या केल्या आणि एक हत्ती आणला. हत्ती हिंदुस्थानचा, एवढे त्याला ऐकून ठाऊक होते. अज्ञात देशाबद्दलचे कुतूहल त्यात काठोकाठ भरले आहे, आणि मला ते चित्र फार आवडते.

न पाहता रंगवलेले दुसरे चित्र मुंबईचे आहे, आणि त्यामागचा हेतू कुतूहलाचा नव्हता. १७३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमधल्या जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युअल स्कॉट या दोघांकडून सहा चित्रे करून घेतली : मुंबई, मद्रासचा किल्ला, कलकत्त्याचा किल्ला, तेल्लिचेरी, केप आणि सेंट हेलेना. जमीन आणि इमारती लॅम्बर्टने रंगवायच्या, समुद्र आणि जहाजे स्कॉटने. दोघांपैकी कुणीही हिंदुस्थानात आले नव्हते. उपलब्ध नकाशे आणि रेखाटने यांवरून काम भागवले. ही चित्रे कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या मुख्य कचेरीत, संचालकांच्या सभागृहात लावली गेली. मुंबईच्या चित्रात आपण समुद्रातून किनाऱ्याकडे बघतो. कंपनीची जहाजे ऐटीत पुढे, त्यांच्या मागे शहर. खुर्चीत बसलेल्या संचालकाला भिंतीकडे मान वळवली की आपली मिळकत दिसावी, अशी ती रचना आहे. तिथे मासळी वाळत घातलेली नाही, कोळीवाडा नाही, होडी ओढणारे हात नाहीत.

विजयदुर्गचे चित्र याहून बोचणारे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर तोफा डागल्या. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. नानासाहेब पेशव्यांनीच तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, ही जखम मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. एक तोफगोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला, ते पेटले, आणि शेजारी नांगरलेल्या गुराबांना आणि गलबतांना आग लागत गेली. एका दिवसात आंग्र्यांचे आरमार राख झाले. पंधरा वर्षांनी, १७७१ मध्ये, डॉमिनिक सेर हा लंडनमधला सागरचित्रकार ते दृश्य रंगवतो. हे चित्र आता ग्रिनिचच्या नौकानयन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यात इंग्रजी जहाजे, तोफांचा धूर आणि त्यापलीकडे किल्ला. सेरने विजयदुर्ग पाहिला नव्हता. मराठ्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या लष्करी बंदराचे जगात गाजलेले चित्र हे असे, जिंकणाऱ्याच्या जहाजावरून पाहिलेले आणि बंदर जळत असतानाचे आहे. वाघोटणच्या खाडीकाठी गिर्ये येथे खडक तासून केलेली आंग्र्यांची गोदी आहे; गलबते आत घेऊन तिथे दुरुस्त करत. सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, डांबर लावणारे यांनी गजबजलेल्या त्या गोदीचे कामकाज कुणी समोर बसून रंगवले असते, तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकांची पानेच वेगळी दिसली असती.

मुंबईत प्रत्यक्ष बसून ते बंदर मन लावून रंगवणारा एक चित्रकार म्हणजे जेम्स वेल्स. हा स्कॉटिश माणूस १७९१ मध्ये आला. पुण्यात जाऊन त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे केली. गंगाराम तांबट हा पुण्याचा गुणी चित्रकार त्याच्याबरोबर लेण्यांची रेखाटने करत असे. मुंबईत वेल्सने मोक्याच्या उंच जागा निवडल्या. माझगावच्या टेकडीवरून, शीवच्या किल्ल्यावरून त्याने पाहिलेली मुंबई म्हणजे खाड्या, ताडमाड, भातशेते आणि त्यांच्यामधून चमकणारे पाणी आहे. बंदर शहराला चिकटलेले नसून बेटांच्या मधोमध पसरलेले आहे, ही गोष्ट त्याच्या चित्रांत पहिल्यांदा स्पष्ट कळते. १७९५ मध्ये साष्टीत लेण्यांचे काम करत असताना तो तापाने गेला. त्याची मुंबईची बारा दृश्ये त्याच्या मागून छापली गेली. टेकडीवरून माणसे लहान दिसतात, ही त्या जागेची मर्यादा वेल्सलाही चुकली नाही.

युरोपात या शतकांमध्ये काय चालले होते, ते थोडक्यात सांगतो. क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराने १६४८ मध्ये शेबाच्या राणीचे जहाज निघताना रंगवले. ते बंदर जगात कुठेही नाही. दोन बाजूंना खांबांचे महाल, मध्ये समुद्रावर टेकत आलेला सूर्य. टर्नर या इंग्रज चित्रकाराला ते इतके भावले की आपले १८१५ चे कार्थेजचे चित्र कायम त्याच्या शेजारी टांगावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत ती दोन्ही चित्रे शेजारी लागली. जोझेफ व्हेर्ने याला फ्रान्सच्या राजाने देशातली बंदरे रंगवायला पाठवले. १७५३ पासून १७६५ पर्यंत गावोगाव मुक्काम करून त्याने पंधरा मोठी चित्रे केली. त्यांत पिंपे लोटणारे, दोर ओढणारे, मासे विकणाऱ्या बाया पुढच्या रांगेत आहेत. राजाचे पैसे घेऊनही व्हेर्ने धक्क्यावर उतरला, याचे मला कौतुक वाटते. आणि १८७२ मध्ये क्लोद मोनेने ल हाव्रच्या बंदरातली धुक्याची पहाट रंगवली. यात राजा नाही, विजय नाही; क्रेन, धुरांडी आणि पाण्यावर एक नारिंगी ठिपका. दोन वर्षांनी ते प्रदर्शनात लागले तेव्हा टीका झाली, आणि त्याच चित्राच्या नावावरून एका संपूर्ण चळवळीला नाव मिळाले.

मुंबईत बंदराचे चित्र खलाशांच्या आणि कोळ्यांच्या पातळीवर उतरायला विसावे शतक उजाडले. प्र. अ. धोंड हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता होते. त्यांनी जलरंगात समुद्र, ओहोटीची वाळू, ओढून ठेवलेल्या होड्या आयुष्यभर रंगवल्या. मालवणचा किनारा त्यांच्या बोटांत होता. ओल्या कागदावर एका फटकाऱ्यात क्षितिज आणि दोन फटकाऱ्यांत होडी उभी करण्याची त्यांची हातोटी होती. आत्मकथनाला त्यांनी नाव दिले ‘रापण’. गावाने मिळून जाळे ओढण्याच्या त्या मासेमारीत ज्याचा हात लागतो त्याला वाटा मिळतो. धोंडांच्या चित्रांत किनारा घरच्यासारखा दिसतो, तो त्यामुळे.

कुलाब्याचा ससून डॉक १८७५ चा. २०१७ च्या अखेरीस तिथल्या जुन्या गोदामांत मोठे कलाप्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने डॉकच्या भिंतींवर तिथे काम करणाऱ्या माणसांचे चेहरे भिंतभर मोठे करून चिकटवले गेले. पहाटे मासळीचा लिलाव करणाऱ्या कोळणी, कोलंबी सोलणाऱ्या बायका रोजच्या कामाला येताना आपल्याच चेहऱ्यांखालून जात होत्या. पोर्तुसच्या शिल्पातला रांजण उचलणारा माणूस तिथे हाताएवढा होता. इथे भिंत त्याच्या वारसांची झाली. माझ्या मते मुंबईच्या बंदरकलेतली गेल्या शंभर वर्षांतली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

तुम्ही ज्या बंदराचे नाव लिहिता ते न्हावाशेवा १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनरचे बंदर रंगवणे चित्रकाराला कठीण जाते, कारण माल पेटीत बंद असतो आणि माणसे क्रेनच्या काचेआड. ॲलन सेक्युला या अमेरिकन छायाचित्रकाराने जगभरची अशी बंदरे टिपून १९९५ मध्ये ‘फिश स्टोरी’ हे पुस्तक केले. खलाशी, बेकार झालेले गोदी कामगार, इंजिनरूममधली उष्णता हे सगळे त्यात आहे. पेटीमागचा माणूस दाखवायचा तर चित्रकाराला पुन्हा पेटीपाशीच जावे लागते, हे त्याने ओळखले होते. या साखळीत तुमचे शहरही आहे. न्हावाशेव्याहून दादरीपर्यंत आखलेला मालगाड्यांचा पश्चिम मार्ग फरीदाबादच्या दक्षिणेला पृथल्यावरून जातो. त्याही आधी, १८७४ मध्ये ओखल्याहून निघालेला आग्रा कालवा तुमच्या शहराजवळून वाहू लागला. सुरुवातीला त्यातून नौकांची वाहतूक होई. १९०४ मध्ये ती थांबली आणि कालवा फक्त शेतीसाठी उरला.

आता जवळपास काय बघता येईल ते. व्हायोलेट लाइनच्या मेट्रोने इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसला जा. तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात थॉमस डॅनियलची तैलचित्रे आहेत. डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७९३ मध्ये मुंबईत वेल्सला भेटले होते. बाहेरून आलेला चित्रकार हिंदुस्थानकडे कुठे उभा राहून बघतो, ते तिथे पारखता येईल. दालनांतली मांडणी बदलत असते, म्हणून आधी चौकशी करा. तुमच्या अगदी दारात, सूरजकुंडच्या फेब्रुवारीतल्या हस्तकला मेळ्यात, वारली चित्रकार दिसले तर त्यांच्याकडे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र मागा. २०१९ मध्ये त्या मेळ्याचे मुख्य राज्य महाराष्ट्रच होते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे जाळ्याचे चित्र जगभर पोचले आहे : जवळजवळ सगळा कागद जाळ्याच्या बारीक पांढऱ्या रेषांनी विणलेला, आणि त्यात मासे. तिथे चित्रकार कुठे उभा आहे असे विचारलेत, तर पाण्यातच, असे उत्तर द्यावे लागेल.

मुंबईला जाणे झाले, तर बोरिवलीला उतरून एक्सरचे वीरगळ पाहाच. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. दुपारच्या डोक्यावरच्या उजेडात झिजलेले कोरीवकाम सपाट दिसते. तिरप्या उन्हात वल्ही एकेक करून मोजता येतात.